‘मी ना कंडक्टर असतो’ : लुटुपुटूच्या खेळात मोठ्यांनी कसं वागायचं

पलंगावर उशांची रांग. सगळ्यात पुढच्या उशीवर साडेचार वर्षांचा मुलगा, हातात डब्याचं झाकण. ‘पुढील स्टेशन, दादर.’ जरा वेळानं, ‘पुढील स्टेशन, आजीचं घर.’ शेजारी बसलेले बाबा लगेच म्हणतात, ‘अरे, दादरनंतर माटुंगा ना? आणि माटुंग्यानंतर? सांग बरं.’ मुलगा त्यांच्याकडे बघतो, झाकण खाली ठेवतो आणि टीव्हीसमोर जाऊन बसतो. बाबांची तक्रार पुढे अशी असते की याचं कशातच लक्ष टिकत नाही.

परळच्या एका बालवाडीत मी बरीच वर्षं काम केलं. पालकांकडून हाच प्रसंग वेगवेगळ्या रूपांत ऐकला. कधी भातुकलीत आई भाज्यांची इंग्रजी नावं विचारते, कधी आजोबा ‘वाघ भात खातो का रे?’ म्हणतात, कधी मावशी मोबाइल समोर धरून ‘परत एकदा कर ना’ म्हणते. सगळ्यांचा हेतू चांगलाच असतो. चुकतो तो क्रम: तयारी आधी, मग थांबणं, मग परवानगीनं आत शिरणं, आणि वेळेवर बाहेर पडणं. साधारण दोन ते सात वर्षांच्या मुलांसाठी हा क्रम एकेक पायरीनं खाली देते.

सुरुवातीआधी: हा खेळ कसा ओळखायचा

खोटंखोटं खेळताना मूल तीन गोष्टी करतं. एका वस्तूला दुसरी वस्तू मानतं: चप्पल म्हणजे मासा. वस्तूत नसलेला गुण मानतं: रिकाम्या कपातला चहा गरम आहे, फुंकर मारून प्या. आणि जे मुळात तिथं नाहीच, ते आहे असं मानतं: दारात कुत्रा बसलाय, हळू या. मानसशास्त्रज्ञ ॲलन लेस्ली यांनी १९८७ साली या तीन प्रकारांची मांडणी केली. केळं फोनसारखं कानाला लावणारं मूल फोन आणि केळं यांत गोंधळत कसं नाही, हा त्यांचा प्रश्न होता. दोन वर्षांच्या मुलालाही दोन्ही गोष्टी एकदम ठाऊक असतात. खेळ संपला की तो ते केळं सोलून खातो.

म्हणून ‘खोटं बोलायची सवय लागेल’ ही भीती मनातून काढून टाका. खोटं बोलणाऱ्याला वाटतं की समोरच्याला खरं कळू नये. लुटुपुटूच्या खेळात समोरच्याला सगळं ठाऊक असावं लागतं, नाहीतर खेळच उभा राहत नाही.

वयाचा अंदाज असा. सव्वा-दीड वर्षाच्या सुमाराला मूल रिकामा कप स्वतःच्या तोंडाला लावतं. दोनच्या आसपास तोच कप बाहुलीच्या तोंडाला लावतं. अडीच-तीनला एकापुढे एक कृती जोडतं: बाहुलीला अंघोळ, मग पावडर, मग झोप. तीन-चारला स्वतः कुणीतरी बनतं. चार-पाचनंतर दोघंतिघं मिळून कोण काय होणार ते ठरवतात, त्यावर भांडतात आणि भांडण मिटवून खेळतात. ही टप्प्यांची घाईगर्दी नाही. महिना-दोन महिने इकडेतिकडे होणारच.

आता मराठीची एक खूण. हिचा मला जितका उपयोग झाला तितका दुसऱ्या कशाचाच झाला नाही. आपली मुलं खेळ मांडताना ‘मी डॉक्टर आहे’ म्हणत नाहीत. ती म्हणतात, ‘मी ना डॉक्टर असते, आणि तू ना आजारी पडलेली असतेस.’ हे ‘ना’ आणि ‘असते’ कानावर पडलं की समजा, खेळाची आखणी चालू आहे. खेळ प्रत्यक्ष सुरू झाला की तीच मुलगी आईला ‘तुम्ही’ म्हणायला लागते: ‘बाई, तुम्हाला कुठे दुखतंय?’ मध्येच काही बदलायचं असलं की पुन्हा ‘तू’ वर येते: ‘आई, तू ना आता रडतेस.’ आखणी ‘तू’ मध्ये, खेळ ‘तुम्ही’ मध्ये. या दोन सुरांकडे कान ठेवलात तर आपण कधी बोलायचं आणि कधी गप्प बसायचं, हे बरंचसं आपोआप कळतं.

पायरी १: जागा आणि वेळ

‘आमच्याकडे जागाच नाही’ हे मुंबईत प्रत्येक घरी ऐकू येतं. वेगळी खोली लागत नाही. लागते ती सीमा. एक जुनी चादर जमिनीवर अंथरली की चादरीवर खेळ आणि चादरीबाहेर घर. टेबलाखालची जागा, पलंग आणि कपाट यांच्यामधली अरुंद पट्टी, चाळीतला गॅलरीचा दारालगतचा तुकडा, एवढं पुरतं. लहान मुलांना कोंदट, झाकलेली जागा मोकळ्या हॉलपेक्षा जास्त आवडते, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

वेळ मात्र सलग हवी. किमान चाळीस मिनिटं. पहिली दहा-पंधरा मिनिटं मांडामांड करण्यात आणि कोण कोण होणार यातच जातात, खरा खेळ त्यानंतर सुरू होतो. शाळा आणि ड्रॉइंग क्लासच्या मधल्या वीस मिनिटांत ‘खेळ हां आता’ म्हटलं तर मांडलं आणि आवरलं एवढंच होतं. रोज जमत नसेल तर आठवड्यातून तीन दिवस द्या, पण तुकडे करू नका. जुलैत पाऊस कोसळत असतो, खाली उतरता येत नाही, तेव्हाच्या दुपारी यासाठी फार चांगल्या.

सावध: चादर ओट्यापासून लांब आणि खिडकीपासून लांब. खिडकीला ग्रिल असलं तरी तिच्याखाली पलंग, स्टूल किंवा उशांचा ढीग ठेवू नका. उडणारा हीरो झालेलं मूल पहिल्यांदा उंच जागा शोधतं.

पायरी २: गाठोडं तयार करा

खेळण्यांची पेटी न करता गाठोडं करा. खेळ मांडायची जी चादर, तिच्यातच सामान बांधून ठेवायचं.

अडीच-तीन वर्षांपर्यंतच्या मुलाला खऱ्यासारखी दिसणारी वस्तू लागते: छोटा कप, बोळकी, बाहुली, खराखुरा पण बंद पडलेला फोन. काडी म्हणजे चमचा हे त्याला अजून सहज जमत नाही. चार वर्षांच्या मुलाला उलट ठरीव वस्तू आड येतात. स्वयंपाकघराचा प्लास्टिकचा महाग संच स्वयंपाकघरच राहतो. पुठ्ठ्याचा खोका सकाळी गॅस असतो, दुपारी तिकीट खिडकी आणि संध्याकाळी गणपतीचं मखर. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव विगोत्स्की यांनी १९३३ च्या व्याख्यानात काठीच्या घोड्याचं उदाहरण दिलं होतं. काठीवर टांग टाकता येते म्हणून ती घोडा होऊ शकते, आगकाडी घोडा होऊ शकत नाही. वस्तू निवडताना हेच बघा: तिच्याशी हातानं काय काय करता येईल?

माझ्या गाठोड्यात हे असायचं: अर्धा कापलेला दुपट्टा, दोन वाट्या, एक डाव, कपडे वाळत घालायचे चिमटे, चहा पावडरचा रिकामा डबा, जुनं पावतीपुस्तक, पिशवी, टोपी, जुना चष्मा काचा काढून, आणि दोरीचा हातभर तुकडा. एवढंच. एका वेळी आठ-दहा वस्तू. बाकीच्या माळ्यावर टाका आणि पंधरा दिवसांनी अदलाबदल करा. वस्तू वाढल्या की मुलं खेळण्याऐवजी उपसत बसतात.

सावध, आणि हे नीट वाचा. तीन वर्षांखालच्या मुलाजवळ मणी, बटणं, नाणी, चिंचोके नकोत. जुना फोन, रिमोट, गाणारं खेळणं द्यायचं तर आधी सेल काढा. बटणाएवढा चपटा सेल गिळला गेला तर अन्ननलिका दोन तासांतही भाजून निघू शकते. तशी शंका जरी आली तरी वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठा. दुपट्टा आणि दोरी गळ्याभोवती बांधायची नाही, झगा हवा असेल तर दुपट्टा खांद्यांवर चिमट्यानं लावा. प्लास्टिकच्या पिशव्या नकोत. डॉक्टर-डॉक्टर खेळायला औषधाच्या रिकाम्या बाटल्या आणि गोळ्यांची पाकिटं कधीही देऊ नका. खेळातलं पाकीट आणि कपाटातलं पाकीट दिसायला सारखंच असतं. विकतचं खेळणं घेताना आयएसआय चिन्ह बघा, १ जानेवारी २०२१ पासून ते बंधनकारक आहे. रस्त्यावरच्या ढिगात ते सहसा नसतं.

पायरी ३: आधी बघायला न्या

ही पायरी सगळ्यात जास्त वगळली जाते. मूल जे बघतं तेच खेळतं. न पाहिलेलं दोन वाक्यांपुढे जात नाही.

सुरुवातीच्या वर्षांत मी वर्गात मोठ्या मेहनतीनं बँक उभी केली होती. खिडकी, शिक्का, कागदी नोटांची बंडलं, सगळं. दहा मिनिटांत बँक बंद पडली आणि त्या नोटांच्या भेळेच्या पुड्या झाल्या. मी पुड्या सोडवून नोटा परत गोळा केल्या. ती माझी चूक होती. वर्गातल्या कुणीही बँक आतून पाहिली नव्हती आणि भेळवाला सगळ्यांनी रोज पाहिला होता. मुलं मला सांगत होती की आम्हाला काय येतं, आणि मी ऐकलं नाही.

तेव्हा न्यायचं कुठं? जिथं तुम्ही जाताच, तिथं. भाजीबाजार, गिरणीवाला, शिंपी, इस्त्रीवाला, मासळीबाजार, बेस्टची बस, रेल्वे स्टेशन. फक्त त्या दिवशी दहा मिनिटं जास्त थांबा आणि माणसाच्या हातांकडे लक्ष वेधा. ‘बघ, ते कापड मोजायच्या आधी काय करतात.’ ‘कंडक्टरकाका घंटी किती वेळा देतात? एक दिली की थांबते, दोन दिल्या की निघते.’ एवढंच. तिथं प्रश्नोत्तरं नकोत आणि घरी आल्यावर ‘आज काय पाहिलं ते सांग’ हेही नको.

वर्गातली एक चार वर्षांची मुलगी आईबरोबर मासळीबाजारात जायची. एका सकाळी तिनं सगळ्यांच्या चपला गोळा केल्या, पाटावर ओळीनं मांडल्या, आपला ओला रुमाल त्यांच्यावर पसरला. एक गुडघा उभा करून बसली. मधूनमधून वाटीत बोटं बुडवून चपलांवर पाणी शिंपडायची, दुसऱ्या हातानं माशा हाकलायची. ‘ये गं ताय, बोंबील ताजे हायेत, दोन वाटे घे.’ एका मुलानं पावतीचा कागद नोट म्हणून दिला. तिनं तो कपाळाला लावला, डोळे मिटले, मग कमरेला खोचला. पहिल्या गिऱ्हाइकाचा होता ना तो कागद. पुढच्या गिऱ्हाइकांचे कागद तिनं नुसते खोचले. बोहनी तिला कुणीही शिकवली नव्हती.

तपासा: मूल घरी येऊन एखादी हालचाल नुसती हातानं करून बघतंय का? मग न्यायचं काम झालं. दोन-तीन दिवसांत खेळ आपोआप येईल. नाहीच आला तर सोडून द्या.

पायरी ४: पाच मिनिटं काहीही करू नका

गाठोडं सोडलं, मूल बसलं. आता तुम्ही जवळच बसा, जमिनीवर, हातात तुमचं काहीतरी काम घेऊन. भाजी निवडणं उत्तम. घड्याळ लावून पाच मिनिटं गप्प राहा. ‘काय करतोस?’ नाही, ‘अरे वा’ नाही, सूचना तर नाहीच.

या पाच मिनिटांत तीन गोष्टी लक्षात घ्या: कोण कोण आहे, कुठे आहे आणि अडचण काय आहे. बाळ आजारी आहे, गाडी चुकली आहे, साखर संपली आहे, अशी एखादी अडचण बहुतेक खेळांत असते. ती कळल्याशिवाय आत शिरलात तर भलत्याच खेळात शिराल.

मोबाइल बाजूला ठेवा. शूटिंगची आठवण हवीशी वाटते, मला समजतं. पण कॅमेरा दिसला की मुलाचं लक्ष मासे विकण्यावरून आपण कसे दिसतो यावर जातं. ‘किती हुशार!’ हे कौतुकही तेच करतं.

पायरी ५: परवानगी घेऊन, लहान भूमिकेत शिरा

मूल एकटंच रमलं असेल तर शिरायची गरजच नाही, थेट पायरी ८ वर जा. खेळ एकाच जागी अडकून फिरत असेल, किंवा मुलानं स्वतः बोलावलं, तर शिरा.

शिरताना भूमिकेतूनच विचारा: ‘अहो, दुकान उघडं आहे का?’ ‘कंडक्टर, ही बस राणीच्या बागेला जाते?’ मूल ‘बंद आहे’ म्हणालं तर खरोखर परत जा. हा नकार मान्य करणं फार महत्त्वाचं आहे. घरात मुलाच्या ‘नाही’ ला मान मिळेल अशा जागा फार थोड्या असतात.

भूमिका दुय्यम घ्या. गिऱ्हाईक, प्रवासी, पेशंट, पाहुणे. डॉक्टर, बाई, राजा या जागा मुलाच्या.

मग एक, फक्त एक, नवी अडचण आणा. प्रश्न विचारून नव्हे, तुमच्या भूमिकेच्या गरजेतून:

‘माझ्याकडे सुट्टे नाहीत हो.’
‘माझी पिशवी मागच्या बसमध्ये राहिली.’
‘मला कोथिंबीर फुकट नाही का देणार?’

आणि थांबा. पुढचं मुलाला करू द्या. याच ठिकाणी हौशी आईबाबा दुसरी, तिसरी, चौथी कल्पना आणतात आणि बघता बघता मूल गिऱ्हाईक होतं, आई दुकानदार.

हे टाळा: ‘पाच आणि तीन किती झाले?’ ‘याचा रंग कोणता?’ ‘थँक्यू म्हणायचं असतं ना?’ हिशेब आणायचाच असेल तर गिऱ्हाइकानं रीतसर दहाची नोट द्यावी आणि सुटे मागावेत. दुकानदारानं नव्वद रुपये परत दिले तर घ्या, आभार माना आणि निघा. बेरीज नंतर शिकता येते.

तथ्यही दुरुस्त करू नका. दादरनंतर आजीचं घर येतं, हे त्या गाडीपुरतं बरोबर आहे. माटुंगा खऱ्या गाडीतून जाताना खिडकीतून दाखवा.

कार्टूनचे संवाद तेच ते बोलणाऱ्या मुलाला ‘हे काय टीव्हीचं’ म्हणून तोडू नका. तिथंही भूमिकेतूनच एक साधी अडचण द्या: ‘हीरोदादा, तुम्ही दमला असाल, जेवलात का?’ संवाद संपतात आणि त्याचा स्वतःचा खेळ सुरू होतो.

तपासा: तुमच्या वाक्यानंतर मुलाचे डोळे कुठे जातात? वस्तूंकडे गेले तर बरोबर. बरोबर-चूक शोधत तुमच्या चेहऱ्याकडे गेले तर तुम्ही जड झाला आहात, मागे सरका. ‘तुम्ही’ सोडून मूल ‘आई, तू ना’ वर आलं तर ते दिग्दर्शन आहे. ऐका आणि सांगेल तसं करा.

पायरी ६: बाहेर पडा

पाच ते दहा मिनिटं पुरे. ‘मला आता काम आहे’ म्हणून उठू नका, भूमिकेतून निघा: ‘माझा स्टॉप आला.’ ‘पोरं वाट बघत असतील, येते हं.’ खेळ तुमच्याशिवाय चालू राहिला तर तुमचं काम नीट झालं. तुम्ही उठताच बंद पडला तर पुढच्या वेळी आणखी लहान भूमिका घ्या.

पायरी ७: दोन-चार मुलं असतील तेव्हा

मोटरमन दोघांनाही व्हायचंय. इथं ‘पाच मिनिटं तो, पाच मिनिटं तू’ हा मोठ्यांचा आवडता तोडगा. पण खेळ पाच मिनिटांच्या वाट्यांत चालत नाही. उत्तर खेळाच्या आतच शोधा. आपल्या लोकलला दोन्ही टोकांना केबिन असते. पुढे मोटरमन, मागे गार्ड, म्हणजे २०२२ पासूनच्या नव्या नावानं ट्रेन मॅनेजर. त्यानं मागून घंटी दिल्याशिवाय गाडी सुटत नाही. सीएसएमटीला गाडी पोचली की तीच गाडी उलटी निघते, मागचं टोक पुढे होतं. हे मी एकदाच सांगितलं आणि वर्गातली मारामारी थांबली, कारण मागच्या मुलाच्या हातातही काहीतरी खरं आलं होतं. प्रत्येक खेळात अशी जागा असते. दवाखान्यात नंबर लावणारा असतो, दुकानात माल पोचवणारा, लग्नात भटजी.

एखादं मूल बाहेर राहिलं तर ‘तिलाही घ्या’ असा हुकूम सोडू नका. मुलं घेतात आणि तिला बाळ करून कोपऱ्यात झोपवतात. त्याऐवजी तिचा हात धरून दोघी मिळून जा: ‘आम्ही गावाहून आलोय, उतरायला जागा आहे का?’ तिला आत सोडून पायरी ६ प्रमाणे तुम्ही निघा.

मुलगा बाळाला दूध पाजतोय, मुलगी पोलीस झाली आहे, यावर शेजारच्या काकूंनी काही म्हटलं तर काकूंना बाजूला घेऊन समजवा. मुलांना काही सांगू नका.

‘टाइमप्लीज’ मुलांना येतंच. ते या खेळालाही लागू आहे हे एकदा स्पष्ट सांगा. कुणालाही, कधीही, कारण न देता थांबता येतं. पकडापकडी, चोर-पोलीस, राक्षस यांत हे नसेल तर लहान मूल खेळात खरोखर घाबरतं आणि इतरांना ते कळत नाही.

मध्येच भीती, मार, मरण आलं तर

येतंच. इंजेक्शन घेऊन आलेलं मूल आठवडाभर सगळ्यांना सुया टोचतं. आजोबा गेलेल्या घरातलं मूल बाहुलीला चादर घालून ‘ही मेली’ म्हणतं. पालक दचकतात आणि ‘असं नाही बोलायचं’ म्हणतात. थांबवू नका. दवाखान्यात ज्याच्यावर सगळं होत होतं, तो इथं करणारा असतो. तुम्ही पेशंट व्हा, ‘दुखेल का हो डॉक्टर?’ विचारा. तो तुम्हाला जे सांगेल, तेच त्याला त्या दिवशी ऐकायचं असेल. मरणाच्या खेळात काही सुचलं नाही तर शेजारी नुसतं बसून राहा.

मनातल्या मनातला मित्र असेल, त्याच्यासाठी ताट मागत असेल, तर घाबरू नका. धडधाकट, मित्र असलेल्या मुलांनाही असा सोबती असतो आणि तो खरा नाही हे त्यांना ठाऊक असतं. ताट वाढा. स्वतःहून त्याला बोलतं मात्र करू नका, आणि ‘बघ, तो कसा सगळी भाजी खातो’ असं वापरून तर मुळीच घेऊ नका. तो तुमचा नाही.

दोन ठिकाणी मात्र खेळ सोडून मदत घ्यायची. एक, मूल दोन वर्षांचं होत आलं तरी खोटंखोटं काहीच करत नाही आणि त्याबरोबर बोट दाखवत नाही, नावानं हाक मारली तर वळत नाही, शब्द आलेले नाहीत. बालरोगतज्ज्ञांना लगेच दाखवा. ‘मुलगे उशिरा बोलतात’ म्हणून थांबू नका. दोन, तोच भेसूर खेळ आठवडेच्या आठवडे अक्षर न बदलता चालू आहे आणि खेळल्यावर मूल मोकळं न होता जास्त बिथरतंय, किंवा वयाला न शोभणारी लैंगिक कृती त्यात दिसतेय. तेव्हा ओरडू नका आणि उलटतपासणी घेऊ नका. शांतपणे ऐकलेले शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा, डॉक्टरांशी किंवा समुपदेशकाशी बोला. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ आहे, ती मोफत आहे.

आणि एक अपेक्षा उतरवून ठेवा. या खेळानं बुद्धी वाढते, गणित सुधारतं असं छातीठोक सांगणारे क्लास आता निघाले आहेत. अमेरिकेत अँजेलिन लिलार्ड आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली तोवरचं संशोधन तपासलं तेव्हा तसा ठाम पुरावा त्यांना मिळाला नाही. भाषा, गोष्ट रचणं, स्वतःला आवरणं यांच्याशी संबंध दिसतो, पण कारण हाच खेळ आहे असं म्हणता आलं नाही. मी तर म्हणेन, मुलाला तो हवा असतो, एवढं कारण मला पुरतं. फीचे पैसे वाचवा आणि पायरी १ ची चाळीस मिनिटं द्या.

पायरी ८: बंद करणं

रंगलेला खेळ ‘चला, आवरा’ म्हणून तोडलात तर रडारड ठरलेली. दहा मिनिटं आधी खेळाच्या भाषेतच सूचना द्या: ‘शेवटची लोकल दहा मिनिटांत सुटेल.’ ‘दुकानाचं शटर कधी ओढणार?’ मग पाच मिनिटांनी पुन्हा एकदा. खेळातल्या माणसाला स्वतःचं काम संपवायला वेळ मिळाला की तो स्वतः उठतो.

आवरण्यासाठी वस्तू वेगवेगळ्या डब्यांत भरायला लावू नका. घर लहान आहे, मांडलेलं रात्रभर राहू शकत नाही, हे खरं. म्हणून तर चादर. जे जसं आहे तसं चादरीच्या मध्ये सरकवायचं, चार टोकं मुलाच्या हातात द्यायची, गाठ त्यानंच मारायची. सैल बसली तरी राहू द्या. गाठोडं त्याच्या हाताला येईल अशा खालच्या कप्प्यात ठेवा, माळ्यावर नको.

गाठ मारून झाली की गिऱ्हाईक म्हणून शेवटचं एकदा विचारा, ‘उद्या किती वाजता उघडणार?’ मासे विकणाऱ्या त्या मुलीनं रुमाल पिळत मला सांगितलं होतं, ‘उद्या नाय. उद्या बोटी जानार नाय, वारा हाय.’